दवातल्या कडपा

धान कापून तीन दिवस झाले होते. विळ्याखालून निघालेले धान बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओळीने आडवे पडले होते. या कडपा उचलायच्या त्या पहाटे. उन्हाने पेंढा खडखडीत झाला की हात लागताच लोंबीतला दाणा झडतो. दवाने नरम असला की झडत नाही. म्हणून कार्तिकात बाया साडेपाचलाच बांधीत उतरतात. तेव्हा आपले हात दिसतात, हाताखालचे दिसत नाही.

पार्वताबाईची टोळी आठ जणींची. लाखनीपासून सात किलोमीटर आत, तलावाखालच्या यादोराव पाटलाच्या बांध्या त्यांच्याकडे होत्या. एक बाई कडपा गोळा करी, दुसरी त्यांचा भारा रचून गुडघा टेकवी आणि पेंढ्याच्याच पिळलेल्या बंदाने आवळी. शेजारच्या बांध्यांत धान अजून उभे होते, त्यामुळे ट्रॉली आत येत नव्हती. भारे डोक्यावरूनच गावात जात आणि यादोरावच्या अंगणातल्या पुंजण्यावर, भाऱ्यांच्या रचलेल्या ढिगावर, चढत.

पार्वताबाईची लेक रत्नमाला, टोळीबरोबर आलेली नववी, सगळ्यांच्या मागे होती. तिच्या हातात बांबूची काठी होती. प्रत्येक कडप ती काठीने आधी उलटी, क्षणभर थांबे आणि मग वाके.

बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून टॉर्चचा उजेड तिच्या पाठीवर आला.

"पोरी, धान उचलून राहिली का पूजा करून राहिली?" यादोराव शाल पांघरून उभा होता.

"पाहून उचलते जी."

"तुयी माय पाहून उचलते का? ते पाह्य कुठी पोचली."

पार्वताबाईने मान वर केली नाही. ती चार ओळी पुढे होती. डावखुरी असल्यामुळे तिची ओळ नेहमी उलट्या बाजूने चाले.

"मी बी नोती पाहत," गोदावरीबाई बसल्या जागेवरून म्हणाली. ती बंद पिळत होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. गेल्या कार्तिकात, दुसऱ्याच्या बांधीत, कडपेखाली घोणस होती. गावात तिला परड म्हणतात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस गेले. लघवी बंद झाली, पुन्हा सुरू झाली, बोटे मात्र काळी पडली ती पडलीच. आता तिच्या मुठीत विळा राहत नव्हता, म्हणून टोळीने तिला बंदावर बसवले होते.

रत्नमाला सरळ उभी राहिली. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन तिला दीड वर्ष झाले होते. नोकरीचे अर्ज टाकून झाले की ती आईबरोबर कामाला येई. कुणाच्या घरात साप निघाला की गाव तिला फोन करी. वनखात्याच्या शिबिरात ती हे शिकली होती आणि आजवर पकडलेला प्रत्येक साप तिने जिवंत सोडला होता.

"पाटील, दोन तास थांबू," ती म्हणाली. "थंडीत परड हलत नाही. पाय पडला तरी हलत नाही, दाबली का चावते. ऊन आलं का आपसूक धुऱ्याकडं सरकते. ऊन येऊ द्या, मंग काठीनं उलटून उचलू."

"आन् धान झडलं मंजे?"

"म्या पाहिलं ना जी. परवा खाली जुनं लुगडं आंथरलं. दहा कडपा पहाटे उचलल्या, दहा आठ वाजता. एका मुठीचा फरक पडला. एवढीशी मूठ."

"मूठ कोनाची?"

"तुमची."

"मंग?"

"आन् हात कोनाचा?" गोदावरीबाईने विचारले. तिने ते बंदाकडे पाहतच विचारले, तरी वाकलेल्या बायांमध्ये हसू फिरले. यादोरावने टॉर्च तिच्यावर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. ती पिळत राहिली.

"पार्वताबाई," तो शेवटी म्हणाला, "उद्यापासून पोरीले आनू नोको. कालेज शिकली आहे, तिले कालेजातच राहू दे. मले रविवारच्या आत धान आंगणात पायजे, पाऊस सांगितला आहे."

पार्वताबाईने भाऱ्यावर गुडघा टेकवला, बंद आवळला, टोक खोचले.

"हो जी," ती म्हणाली.

*

संध्याकाळी पार्वताबाई चुलीसमोर पाय पसरून बसली होती. रोजच्या दवाने तळवे पांढरे आणि फुगलेले झाले होते, भेगांत चिखल बसला होता. रत्नमाला गरम पाण्याने त्या भेगा धूत होती.

"हो जी काहून म्हनलं?"

"मंग काय म्हनू? सात बाया माया भरवशावर येतात. तुया एका काठीपायी त्याईचं काम जाऊ देऊ?"

"गोदामावशीची बोटं गेली तवा कोनाचं काम वाचलं?"

पार्वताबाईने पाय ओढून घेतला.

रत्नमालाचा बाप तेजराम लाखनीच्या राइस मिलमधून नुकताच आला होता. भुवयांवर कोंड्याची धूळ होती. तो दोघींकडे पाहत दारातच उभा राहिला. "यादोराव तसा वाईट मानूस नाही," तो म्हणाला. "सालभर काम देते."

"वाईट आहे असं कोन म्हनलं, बाबा? मी तं वेळ मांगून राहिली. दोन तास."

"त्याले तेच देनं जमत नाही," तेजराम म्हणाला आणि हातपाय धुवायला मागे गेला.

*

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला फोन आला. यादोरावची बायको कुंताबाई बोलत होती आणि धापा टाकत होती. "रत्ना, लवकर ये व. पुंजण्यात परड आहे. म्या तथीच झाडत होती. कुकरावानी आवाज करून राहिली."

रत्नमालाने पाईप, आकडा, काळी पिशवी आणि झाकणाची बादली सायकलला लावली. यादोरावच्या फाटकासमोर दहा-पंधरा जण जमले होते. यादोराव आत ओसरीवर लोखंडी सबल घेऊन उभा होता.

"मागून ये, गुराच्या कोठ्याकडून," त्याने हात केला.

"साप कुठी आहे?"

"आंगणात."

"मंग मी आंगणातूनच येते," ती म्हणाली आणि सायकल फाटकातून आत घेतली. तुळशीजवळ ती स्टँडवर लावली.

पुंजणे कमरेइतके झाले होते. जमिनीपासून दुसऱ्या थरातून घोणसेचे डोके आणि हातभर अंग बाहेर आले होते. तपकिरी पाठीवर गडद लंबगोलांच्या तीन ओळी होत्या. शरीर फुगवून ती श्वास सोडत होती. तो आवाज ओसरीपर्यंत पोचत होता.

"मारून टाक, किस्सा खतम," यादोराव म्हणाला.

"मारायचीच होती तं मले कायले बोलावलं? सबल तुमच्या हातातच आहे."

फाटकाकडून कुणीतरी हसले. यादोरावने सबल भिंतीला टेकवून ठेवली.

रत्नमालाने लोकांना फाटकाबाहेर काढले आणि दोन मीटर अंतर ठेवून पुंजण्याभोवती हळूहळू फेरी घेतली. एक गोष्ट तिला उलगडत नव्हती. ऊन अंगणभर आले होते, माणसे ओरडत होती, पाठीमागे पेंढ्याचा अंधार होता, आणि साप आत वळत नव्हता. तो तीनदा तोंड मारायला झेपावला आणि तीनही वेळा तिथेच परत आला. पुढेही नाही, मागेही नाही.

ती उकिडवी बसली. मग तिला दिसले.

घोणस भाऱ्याच्या आतून आली होती. भाऱ्याचा बंद तिच्या अंगावरून गेला होता. काल पहाटे ओला असताना आवळलेला बंद उन्हाने सैल पडला, तेव्हा पुढचा भाग सुटला. मागचा अर्धा अजून आवळलेला होता. म्हणजे ती रात्री अंगणात येऊन शिरली नव्हती. बांधीतल्या थंडीत ती कडपेबरोबर उचलली गेली होती. कुणीतरी तिच्यावर गुडघा दाबला होता, आणि तो भारा डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर चालत आणला होता.

बंदाचे टोक डाव्या बाजूला खोचलेले होते.

रत्नमाला उठली, सायकलीपाशी गेली आणि आपल्या बाटलीतले पाणी प्यायली. थोडे हनुवटीवर सांडले. तिने तोंड पुसले, हात पँटला पुसले, पुन्हा एकदा पुसले.

"पाटलीणबाई, विळा द्या. आन् एक लांब बांबू."

कुंताबाईने दोन्ही आणून ठेवले. रत्नमालाने चिंधीने विळा बांबूच्या टोकाला बांधला, ओढून पाहिला, आणखी एक वेढा दिला. चार इंची पाईपच्या एका तोंडाला काळी पिशवी घट्ट बसवली. पाईप दोन विटांवर टेकवून त्याचे उघडे तोंड आकड्याने इंच इंच पुढे सरकवले. मग एका पोत्याची सावली सापाच्या बाजूला अशी धरली की समोर अंधार एकच दिसावा, पाईपातला.

घोणसेने पाईपच्या काठावर तोंड मारले. दात प्लॅस्टिकवर वाजले. रत्नमाला हलली नाही. मिनिटभराने फूत्कार थोडा खाली आला. जीभ बाहेर आली, पुन्हा आली. डोके अंधारात गेले, मागे आले, पुन्हा गेले, आणि या वेळी मान आत शिरली.

"आत गेली," कुंताबाई कुजबुजली.

"अर्धीच. अर्धी बांधली आहे."

"बांधली आहे मंजे?"

बांबू दोन्ही हातांत धरून रत्नमालाने विळ्याचे पाते बंदाखाली घातले. सापाचे अंग आणि पाते यांत दोन बोटांचे अंतर होते. खालून वर ओढायचे होते आणि झटका द्यायचा नव्हता. पेंढ्याचा एक धागा तुटला, मग दोन. तिच्या खांद्यात कळ आली. सहाव्या ओढीला बंद सुटला, भारा उघडला आणि घोणसेचा मागचा जाड भाग एकदम मोकळा झाला. क्षणभर ती तशीच पडून राहिली. मग सगळे अंग न थांबता पाईपात सरकत गेले. पिशवी जड झाली आणि तळाशी गोल भरली.

रत्नमालाने पिशवीचा गळा वरून पिळला, गाठ मारली, पिशवी आकड्याने उचलून बादलीत ठेवली, झाकण लावले. उघडलेल्या भाऱ्यात साप होता तिथे गोल खळगा होता आणि खडूसारखी पांढरी विष्ठा पेंढ्याला चिकटलेली होती.

त्याच वेळी फाटकातून टोळी आली. सगळ्यांत पुढे पार्वताबाई होती, डोक्यावर भारा.

कुंताबाई उघड्या भाऱ्याकडे पाहत होती. "यातूनच निघाली ना व? बंदाखालून?" तिने विचारले. "हा बंद कोनाचा?"

"आईचा," रत्नमाला म्हणाली.

पार्वताबाई तशीच उभी राहिली. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळे नव्हते. तिने बादलीकडे पाहिले, भाऱ्याकडे पाहिले, तुटलेल्या बंदाच्या टोकाकडे पाहिले. मग दोन्ही हातांनी डोक्यावरचा भारा पुढे फेकून दिला. तो अंगणात आपटला. सारवलेल्या जमिनीवर धान फाटकापर्यंत उडाले.

"अवो, धान...," यादोराव म्हणाला आणि थांबला.

मागच्या सात जणींनीही भारे टाकले, दूर, एकेक करून.

पार्वताबाई चालत पुंजण्याजवळ गेली. मानेवर, जिथे भाऱ्याचे काड लोंबत असते तिथे, तिने हात फिरवला. "काल चवथा भारा," ती म्हणाली. "जड लागला. म्या म्हनलं, ओला असंन. गुडघा दाबून दाबून बांधला."

यादोराव ओसरीवरून खाली उतरला. "रातीच शिरली असंन. सापाचं काय सांगावं."

"शिरली असती तं बंदाच्या वरून राह्यली असती," रत्नमाला म्हणाली. "बंद अंगावरून होता. पाटलीणबाईनं पाह्यलं."

कुंताबाईने नवऱ्याकडे पाहिले नाही. "म्या पाह्यलं," ती म्हणाली.

"बरं, झालं ते झालं. कोनाले लागलं तं नाही. आता त्या बादलीतल्याचं काय करतेस? माया बांधीतच नेऊन सोडत असशीन. म्हनूनच मरत नाहीत."

"वनरक्षकाले फोन करते, मंग तलावापल्याडच्या जुडपी जंगलात सोडते. चला पाहाले. सायकलवर मागं जागा आहे."

कुंताबाई आतून चहा घेऊन आली. ओसरीवर यादोरावची कपबशी होती. रत्नमालासाठी कागदी गिलास होता. रत्नमालाने तो घेतला नाही. "नोको, पाटलीणबाई. घरी जाऊन पेतो आमी." कुंताबाई गिलास हातात धरून उभी राहिली.

"पाटील," पार्वताबाई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, जरा बसका. "उद्या ऊन आल्यावर उचलू. आन् काठीनं उलटून."

"उद्या दुपारून पाऊस आहे. मोबाइलात पाहा."

"तुमीच पाहा."

"दुसरी टोळी आनतो मी. पलीकडच्या गावची."

"आना."

ती वळली. बाया तिच्यामागून फाटकाबाहेर पडल्या.

*

घोणस सोडायला रत्नमाला एकटीच गेली. वनरक्षकाने जागा फोनवर सांगितली होती. पळसाच्या झुडपाखाली तिने बादली आडवी केली, गाठ लांबून आकड्याने सोडली आणि मागे सरली. पिशवीतून घोणस लगेच निघाली नाही. निघाली तेव्हा बंद जिथे होता तिथे पाठीवरचे खवले चुरगळलेले दिसले. रक्त नव्हते. ती पानांखाली गेली आणि पुन्हा दिसली नाही. रत्नमालाने वेळ, जागा आणि लांबी वहीत लिहिली.

घरी आली तेव्हा गोदावरीबाई अंगणात बसून बांबूच्या काठ्या तासत होती. आठ झाल्या होत्या. विळा तिने डाव्या हातात धरला होता. नवी सवय होती, काठ्या ओबडधोबड निघत होत्या. तेजराम टोके घासून देत होता.

"तुमी बी का बाबा?" रत्नमालाने विचारले.

"सुट्टी टाकली," तो म्हणाला. "उद्या कमी पडल्या तं भारे वाहाले येतो."

*

पहाटे बाया रोजच्याच वेळी बांधीवर गेल्या. फक्त खाली उतरल्या नाहीत. धुऱ्यावर ओळीने बसल्या, पदर कानांवर घेऊन, काठ्या मांडीवर आडव्या. पूर्वेला ढगांचा जाड पट्टा होता. थंडीने गुडघे दुखत होते. एक जण म्हणाली, "आजपर्यंत कोनी आपल्याले असं बसवलं नोतं." दुसरी म्हणाली, "बसवलं कोन? आपूनच बसलो." गोदावरीबाईने डबीतला खर्रा काढला आणि ओळीने पुढे दिला.

साडेसहाला यादोराव मोटारसायकलवर आला. मागे कुणी नव्हते.

"पलीकडची टोळी कुठी आहे जी?" गोदावरीबाईने विचारले.

"येऊन राहिली."

"कालच्या परडीचं सांगितलं का त्याईले? आमच्यातल्या दोघीचं माहेर तथीच आहे. रातीच फोन झाले म्हनते."

यादोरावने आकाशाकडे पाहिले, मोबाइल काढला, ठेवला. "पार्वताबाई, वीस वर्सं झाली तुले माया बांधीत. कधी काही बोललो का मी?"

"नाही जी."

"मंग आज कायची अडी? दोन तासानं काय सोनं होनार आहे?"

"ऊन येनार आहे," पार्वताबाई म्हणाली.

"पावसात भिजलं तं कोंब फुटतीन. तुमाले बी काम राहनार नाही. समजते का?"

"समजते."

यादोराव ओळीवरून एकेकीकडे पाहत गेला. कुणीही उठले नाही आणि कुणी मानही खाली घातली नाही. शेवटी रत्नमाला होती. तिच्याकडे पाहून त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.

"तुमच्या भरवशावर जलमलो नाही मी. बापाबरोबर हेच केलं." आणि तो धुऱ्यावरून बांधीत उतरला.

चार पावलांत त्याचे पाय ओले झाले. पहिल्या ओळीपाशी तो थांबला. कडपा करड्या दिसत होत्या, दवाने एकमेकींना चिकटलेल्या, खाली काळोख. तो कमरेतून वाकला. दोन्ही हात पुढे केले, बोटे पसरली, आणि ते पेंढ्याच्या वीतभर वर राहिले.

बाया पाहत होत्या. कुणी हसले नाही. यादोरावचा श्वास धुऱ्यापर्यंत ऐकू येत होता. त्याने एक गुडघा टेकवायला वाकवला आणि पुन्हा सरळ केला. हात अजून तिथेच होते.

रत्नमालाला त्याची बोटे मोजता येत होती, इतके उजाडले होते.

मग तो सरळ झाला. हात शालीत घेतले. बांधीतच उभा राहून त्याने बायांकडे पाठ केली आणि पूर्वेकडे तोंड करून विचारले, "किती वाजले?"

"सहा चाळीस," रत्नमाला म्हणाली.

"ऊन कवा येते?"

"आठाला जी," पार्वताबाई म्हणाली, "ढग सरकले तं. नाही तं नऊ."

तो वर आला नाही. ओल्या पायांनी तिथेच उभा राहिला, आणि नऊही जणी धुऱ्यावर बसून राहिल्या.